शिडाचीं लहान गलबतें : बांधणी आणि नोंद

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यांत, हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा आहे. त्या कड्याच्या कांठावर उभें राहिलें म्हणजे पायांखालीं एकदम कोंकण दिसूं लागतें. आणि समुद्राशीं या जिल्ह्याची जवळीक काय ती एवढीच. राहुरीच्या उसाच्या मळ्यांत किंवा शेवगांवच्या ज्वारीच्या रानांत वाढलेल्या माणसाला नौका म्हटली कीं प्रवरासंगमावरची होडी आठवते. त्यापलीकडची नौका त्यानें बहुधा चित्रांतच पाहिलेली असते. अशा घाटमाथ्यावरच्या जिल्ह्यांत शिडाच्या लांकडी गलबतांची बांधणी हा विषय काढणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु थोडें मागें जाऊन पाहिलें तर हा विषय नगरला मुळींच परका नाहीं असें दिसून येईल.

ज्या निजामशाहीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस हें शहर वसविलें, तिचें समुद्रावरचें दार चौल हें होतें. परदेशचे घोडे आणि इतर माल त्या बंदरांत उतरे व घाट चढून देशावर येई. या बंदराचें महत्त्व ओळखून पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं तेथें आपला कोट उभारण्यास प्रारंभ केला, आणि १५७०–७१ सालीं मुर्तजा निजामशहानें त्या कोटाला मोठ्या फौजेनिशीं वेढा घातला. जमिनीकडून वेढा पक्का होता. परंतु समुद्राची बाजू मोकळी राहिली होती. गोव्याहून गलबतें येत गेलीं, माणसें आणि दारूगोळा उतरवीत गेलीं, आणि अखेर नगरच्या सुलतानाला यश न घेतांच परत फिरावें लागलें. तोफा, हत्ती व घोडदळ यांची उणीव त्याला नव्हती. उणीव होती ती पाण्यावरून येणारी मदत अडविणाऱ्या लांकडी तरांड्यांची.

दुसरी आठवण याच शहराच्या भुईकोट किल्ल्यांतील आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून या किल्ल्यांत स्थानबद्ध असतां पंडित जवाहरलाल नेहरूंनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानच्या बुडालेल्या उद्योगांचा हिशेब मांडतांना त्यांनीं जहाजबांधणीचाही उल्लेख केला आहे. हा धंदा येथें भरभराटीला आलेला होता, इतकेंच नव्हे तर नेपोलियनशीं झालेल्या युद्धांच्या काळांत एका इंग्रज आरमारप्रमुखाचें निशाणाचें जहाज हिंदी कारखान्यांत बांधलेलें होतें, अशी नोंद त्यांनीं केली आहे. ज्या किल्ल्यांतून पाण्याचा थेंबही दिसायचा तो खंदकांतला, तेथें समुद्रावरच्या विद्येची ही आठवण लिहिली गेली.

ज्याच्या बळावर राज्यें टिकलीं वा हरलीं, तें गलबत असतें तरी कसें, मिस्त्री तें कशाच्या आधारानें बांधतो, आणि त्याच्या विद्येपैकीं कागदावर किती उतरलें, हें येथें क्रमानें पाहावयाचें आहे.

कोणत्याही गलबताला तीन गोष्टी साधाव्या लागतात : तरंगणें, सरळ उभें राहणें आणि चालणें. यांपैकीं पहिली सर्वांत सोपी. पितळेचा गोळा पाण्यांत टाकला तर बुडतो. पण तेवढ्याच पितळेची परात केली तर ती तरंगते. परात आपल्या पोकळ अंगानें पुष्कळ पाणी बाजूस सारते, आणि सारलेल्या पाण्याचें वजन परातीच्या वजनाइतकें झालें कीं तिचें खालीं जाणें थांबतें. लांकूड तर स्वभावतःच पाण्याहून हलकें; पण गलबत तरंगतें तें लांकडाच्या हलकेपणावर नव्हे, तर या पोकळीवर. म्हणूनच त्यांत माल भरतां येतो.

दुसरी गोष्ट सरळ उभें राहण्याची. हौदांत रिकामा तांब्या सोडला तर तो कलंडतो, परात मात्र स्थिर राहते. परात एका बाजूला कलली कीं त्या बाजूचा रुंद भाग अधिक पाण्यांत जातो आणि तेथूनच पाणी तिला वर रेटतें. म्हणजे रुंदी ही स्थैर्य देणारी आहे. तांब्यांतही तळाशीं मूठ-दोन मुठी वाळू घातली तर तो उभा राहतो, कारण वजन खालीं गेलें. गलबत बांधणारा या दोन्ही युक्ति वापरतो. पोट रुंद ठेवतो आणि तळाशीं दगड, वाळू किंवा माल यांचा भार रचतो. मात्र रुंदी फार वाढविली तर गलबत परातीसारखें पाण्यावर बसून राहतें, लाट कापीत नाहीं. अरुंद केलें तर तीरासारखें चालतें, पण पहिल्याच झोतांत आडवें होतें. या दोन भयांच्या मध्यें योग्य प्रमाण शोधणें हीच बांधणाऱ्याची खरी कसोटी होय.

तिसरी गोष्ट चालण्याची, आणि सामान्य माणसाला कोडें पडतें तें येथें. वारा पाठीमागून असला तर गलबत पुढें जातें हें समजतें. परंतु वारा समोरून, निदान समोरच्या बाजूनें, येत असतांही शिडाचें गलबत पुढें जातें तें कसें? कलिंगडाची ओली बी आंगठा आणि तर्जनी यांच्यामध्यें धरून दाबावी. दोन्ही बोटें आडवीं दाबतात, पण बी मात्र पुढें सटकते. गलबताचें नेमकें असेंच होतें. एका बाजूनें तिरकस लावलेल्या शिडावर वारा दाबतो, दुसऱ्या बाजूनें गलबताच्या बुडालेल्या अंगावर पाणी दाबतें. दोहोंच्या चिमटींत सांपडलेलें निमुळतें गलबत पुढें निसटतें. ज्या गलबताचें पाण्याखालचें अंग पुरेसें खोल नाहीं, त्याच्याबाबतींत पाण्याचें बोट लंगडें पडतें आणि तें वाऱ्याबरोबर बाजूला वाहवत जातें. अगदीं वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतेंच शीड चालत नाहीं. तेथें माळशेज घाटांतल्या रस्त्याप्रमाणें वळणें घेत, एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे तिरपें जात, वाऱ्याची चढण चढावी लागते.

ही चढण चढण्यास पश्चिम किनाऱ्यावरचें त्रिकोणी शीड फार उपयोगी पडतें. डोलकाठीवर परबाण नांवाचा लांब वासा तिरपा टांगलेला असतो व त्याला हें शीड बांधतात. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें मराठ्यांच्या आरमाराचें वर्णन करतांना या शिडाची विशेष नोंद केली आहे : शीड उभारलें कीं त्याचें टोंक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई. त्याच्याच वर्णनाप्रमाणें गुराब हें लढाऊ आरमारांतील मोठें जहाज. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारें दीडशें टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारें तीनशें टनांची असे. गलबत हें तिचें धाकटें भावंड. तें क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्याला दोन डोलकाठ्या असत, त्यांतली मागची अगदीं किरकोळ. आणि वारा पडला म्हणजे चाळीस-पन्नास वल्हीं मारून तें ताशीं चार मैल चालवितां येई. उथळ खाड्यांतून शिरावें, मोठ्या जहाजाला अचानक घेरावें आणि पुन्हां खाडींत नाहींसें व्हावें, हें काम अशा लहान गलबतांचें होतें.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं या. कोंकणांतील मिस्त्रीनें पिढ्यान्‌पिढ्या जें गलबत बांधलें, त्याचा नकाशा कागदावर नव्हता. खाडीच्या कांठीं, भरतीचें पाणी जेथवर येतें त्याच्या किंचित् वर, प्रथम तळाची लांब तुळई ठेवली जाते. तिला पठाण म्हणतात. या एका तुळईची लांबी ठरली कीं मिस्त्रीच्या मनांत बाकीचें सर्व गलबत ठरलें. कारण रुंदी, खोली आणि डोलकाठी यांचीं मापें त्या लांबीच्या हिशेबांतच त्याला तोंडपाठ असतात. पठाणाच्या पुढल्या टोंकास नाळेचा व मागल्या टोंकास सुकाणूंचा खांब उभा राहतो. मग दोहों बाजूंना बरगड्या बसवावयाच्या. यांना वांक म्हणतात, आणि तें नांव सार्थ आहे. सरळ लांकूड कापून वांकडें केलें तर त्याच्या शिरा तुटतात आणि तें कमजोर होतें. म्हणून मिस्त्री रानांत जाऊन मुळांतच वांकडी वाढलेली फांदी शोधतो. नगर जिल्ह्यांतल्या सुताराला हें सांगावें लागणार नाहीं. नांगरासाठीं जन्मतःच बांक असलेलें बाभळीचें खोड निवडून ठेवण्याची त्याची रीत याच जातीची आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर तर गलबतांच्या बरगड्यांनाही बाभूळच वापरीत आले आहेत.

बाहेरच्या फळ्यांना साग श्रेष्ठ. सागाच्या अंगांत एक प्रकारचें तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें फारसा फुगत नाहीं, लवकर कुजत नाहीं, आणि त्यांत ठोकलेला खिळा गंजून जात नाहीं. इंग्रज ज्या ओक लांकडाचा अभिमान बाळगीत, त्यांतील आम्लानें लोखंड खाल्लें जाई. मुंबईचीं सागवानी जहाजें दीर्घायुषी ठरलीं त्याचें एक मोठें कारण हेंच. सुरत आणि मुंबईचे कारागीर एका फळीच्या कडेला खांच पाडून तींत दुसरी फळी घट्ट बसवीत आणि मधल्या फटींत कापूस व राळ भरीत. असा सांधा पाण्यांत गेल्यावर फुगून अधिकच आवळतो. अखेरीस तळाच्या भागास चुना आणि तेल यांचा लेप देतात. खारट पाण्यांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो. तो बाहेरून सुईच्या टोंकाएवढें भोंक पाडून आंत शिरतो आणि वरून शाबूत दिसणारी फळी आंतून पोकळ करून टाकतो. हा लेप त्याच्यासाठीं. पावसाळ्यांत गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यांत लोटण्याच्या चालीमागें दर्याच्या कोपाचें भय आहेच. पण तळ वाळावा, किडा मरावा आणि दुरुस्ती व्हावी हा व्यवहारही आहे.

ही सर्व विद्या हातांत होती, आणि हातांतली विद्या हात निघून गेले कीं जाते. १६५९ च्या सुमारास कल्याण–भिवंडीच्या बाजूस शिवाजी महाराजांचीं पहिलीं लढाऊ गलबतें बांधलीं जात असतां रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्या कामावर होता. हीं गलबतें उद्यां आपल्यावरच उलटतील या भीतीनें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या लोकांना फोडलें, आणि ते काम टाकून निघून गेले. महाराजांचें आरमार त्यामुळें अडून राहिलें नाहीं, कारण किनाऱ्यावर दुसरे हात होते. परंतु शत्रूनें गलबतें जाळण्यापूर्वीं कारागीर पळविले, यावरून खरें धन कोठें होतें हें कळून येतें. पुढें १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्ग पडला तेव्हां तुळाजी आंग्ऱ्यांचें आरमार तेथेंच जळालें. त्या आरमारांतील एकही गलबत आज उरलेलें नाहीं. तें कसें होतें हें जाणण्यास ऑर्मसारख्या परकीयांच्या वर्णनांकडे जावें लागतें.

मग हिंदुस्थानांत या विषयावर कोणीं लिहिलेंच नाहीं काय? लिहिलें, आणि नगरच्या वाचकाला गंमत वाटेल ती अशी कीं समुद्रापासून दूर असलेल्यांनींच त्यांतलें पुष्कळ लिहिलें. ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ माळव्यांतील धारच्या भोज राजाच्या नांवावर आहे. त्यांत नौकांचे प्रकार लांबी, रुंदी व उंची यांवरून पाडले आहेत. सर्वांत लहान ती क्षुद्रा : सोळा हात लांब, चार हात रुंद, चार हात उंच. लांकडाच्या जाति सांगितल्या आहेत, आणि कोणत्या मापाची नौका अशुभ तेंही सांगितलें आहे. समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक ओढून घेतील म्हणून फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, असा त्यांत एक इशारा आहे. कारण खोटें असलें तरी त्यामागें एक खरी चाल उभी आहे. काथ्याच्या दोरीनें शिवलेली नौका वाळूवर आपटली तर खिळ्यांच्या नौकेप्रमाणें तडकत नाहीं, थोडी लवते. आणि तुटलेला टांका पुन्हां घालतां येतो. राधाकुमुद मुखर्जी यांनीं १९१२ सालीं हिंदी नौकानयनाचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हां या ग्रंथाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें.

मराठींतील या विषयावरचें सर्वांत मोलाचें लेखन म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हें राज्याचें निराळें अंग मानावें, हा त्याचा सिद्धांत सर्वश्रुत आहे. परंतु बांधणीसंबंधींची त्यांतली सूचना तितकीच मार्मिक आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्या, गलबतेंही तशींच, आणि ज्यांना वाऱ्याखेरीज हलतां येत नाहीं अशीं अवजड जहाजें बांधण्याच्या भरीस पडूं नये. लांकडाविषयींची आज्ञा तर आजच्या काळींही वाचण्याजोगी आहे. राज्यांतील सागासारखीं झाडें परवानगीनेंच तोडावीं, अधिक लागेल तें बाहेरून विकत आणावें. आंबा आणि फणस हींही आरमाराच्या उपयोगाचीं. पण त्यांना हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नसतात, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड फार जुनें व निरुपयोगी झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावें. गलबत बांधावयाचें तर रयतेच्या अंगणांतलें झाडही हिशेबांत धरलें पाहिजे, इतका दूरचा विचार त्या लेखणीनें केला.

तथापि या दोन्ही ग्रंथांत एक गोष्ट नाहीं. त्यांच्या आधारानें मिस्त्रीला गलबत बांधतां येणार नाहीं. प्रकार आहेत, धोरण आहे. परंतु बरगडीचा बांक किती, नाळेचा कल किती, शीड कोणत्या आकारांत कापावें, हें नाहीं. तें मिस्त्रीला ठाऊक होतें, आणि मिस्त्रीला कोणीं विचारलें नाहीं. अशीं मापें घेण्याचें काम पुढें परकीयांनीं केलें. लंकेंतील त्रिंकोमालीच्या गोदींतील जॉन एडाय यानें हिंदी किनाऱ्यांवरील निरनिराळ्या नौकांचें वर्णन १८३४ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. फ्रेंच आरमारांतील पारी या अधिकाऱ्यानें पृथ्वीप्रदक्षिणेंत बंदरोबंदरीं देशी नौका मोजून त्यांच्या आकृत्यांचा मोठा ग्रंथ १८४० नंतरच्या वर्षांत छापला. मद्रासच्या मत्स्यखात्याचे प्रमुख जेम्स हॉर्नेल यांनीं १९२० सालीं हिंदी नौकांच्या घडणीवर निबंध लिहिला. शब्दांच्या बाबतींत मोल्सवर्थच्या मराठी कोशाचे उपकार मोठे आहेत. दर्यावर्दी लोकांच्या बोलींतील कित्येक शब्द त्यांत सांपडतात.

लेखी नकाशाचें सामर्थ्य काय असतें याचें एक उदाहरण मुंबईच्या गोदींतलें आहे. तेथील वाडिया घराण्यानें बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें सागवानी युद्धजहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नांवाच्या जहाजांतून पाठविले होते. परंतु १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनीं तें जहाज लढाईंत जिंकून जाळलें आणि नकाशेही गेले. इंग्लंडांत दुसरी प्रत काढण्याजोगें मूळ शिल्लक होतें, म्हणून नकाशे पुन्हां आले आणि जहाज झालें. तें आज दोनशें वर्षांनंतरही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. त्याच काळांत, त्याच सागाचीं, मुंबईच्या बंदरांतून ये-जा करणारीं असंख्य लहान गलबतें होतीं. त्यांचा नकाशा नव्हता, आणि तीं गेलीं तीं कायमचीं गेलीं.

एकदां गेलेलें परत आणावयाचें म्हटलें तर किती सायास पडतात, तें अलीकडे दिसून आलें. पांचव्या शतकांतील शिवणीची नौका पुन्हां बांधण्याचें भारत सरकारनें ठरविलें. आधार काय होता? अजिंठ्याच्या लेण्यांतील एक चित्र. ही नौकाही समुद्रापासून दूर, देशावरच्या डोंगरांत, भिंतीवर रंगविलेली. चित्रकारानें ती एका बाजूनें दाखविली. पाण्याखालीं तिचें अंग कसें होतें, रुंदी किती होती, हें चित्रांत येणें शक्य नव्हतें. तेव्हां नौदलाच्या तज्ज्ञांना आकार अनुमानानें बसवावा लागला व मद्रासच्या आय. आय. टी.मध्यें लहान प्रतिकृतीवर त्याची परीक्षा घ्यावी लागली. सप्टेंबर १९२३ नव्हे, २०२३ मधली ही गोष्ट, हें आवर्जून सांगावें लागतें, इतकी ती जुन्या काळची वाटते. गोव्यांतील होडी इनोव्हेशन्स या संस्थेच्या आवारांत त्या महिन्यांत तळाची तुळई ठेवली गेली, आणि केरळांतील बाबू शंकरन् यांच्या हाताखालीं कारागिरांनीं फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवल्या. नारळाचा काथ्या, राळ आणि माशाचें तेल यांनीं सांधे भरले. नौका २०२५ च्या फेब्रुवारींत पाण्यांत उतरली, आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ‘कौंडिण्य’ या नांवानें नौदलांत दाखल झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर तिनें पोरबंदरहून मस्कतकडे शीड उभारलें व पुढच्या जानेवारींत तें बंदर गांठलें.

या उदाहरणांत दोन गोष्टी एकदम दिसतात. चित्र नसतें तर काय बांधावें हेंच कळलें नसतें. आणि शिवणाऱ्याचा हात केरळांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला नसता तर चित्र असूनही नौका झाली नसती. कोंकणच्या गलबतांची आज जवळजवळ हीच अवस्था आहे. यंत्र आलें तेव्हां शीड गेलें. नंतर फायबरच्या होड्या आल्या आणि सागवानी होड्याही कमी होऊं लागल्या. कोळी बांधवांना यांत दोष देणें अन्यायाचें होईल. ज्याला रोज पहाटे समुद्रावर जावयाचें आहे, त्यानें लवकर व बेताच्या खर्चांत मिळणारी होडी घ्यावी हें योग्यच आहे. परंतु लांकडी होडी घडविणारा हात अजून काम करीत आहे तोंवर त्याची नोंद करणें हें दुसऱ्या कोणाचें तरी काम आहे. आणि तें दुसरे कोणी घाटमाथ्यावरचे असूं नयेत असा नियम नाहीं. भोजाच्या धारेंत किंवा अजिंठ्यांत समुद्र नव्हता.

अशी नोंद करण्यास मोठी विद्या लागत नाहीं. शाळेंतील भूमिति पुरते. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळेपासून मागल्या टोंकापर्यंत मधोमध एक दोरी ताणावी व तिचे दहा सारखे भाग पाडावे. प्रत्येक भागाशीं होडीच्या बाहेरच्या अंगाला ओळंबा सोडावा, आणि वींत-वींत अंतरावर ओळंब्यापासून फळीपर्यंतचें आडवें अंतर मोजावें. ओळंबा मधल्या दोरीपासून किती दूर आहे तेंही लिहून ठेवावें. हीं मापें चौकटीच्या कागदावर मांडलीं कीं होडीचा आकार आपोआप उमटतो. जेथें माप घेतां येत नाहीं तेथें जाड कागद धरून बांक उतरवून घ्यावा. त्यानंतर डोलकाठी, परबाण आणि शीड यांच्या कडांचीं मापें, कोणत्या भागाला कोणतें लांकूड, तें कोठून आणलें, आणि प्रत्येक भागाचें त्या गांवांत बोललें जाणारें नांव. कारण एकाच वस्तूला अलिबागेंत एक आणि मालवणांत दुसरें नांव असण्याचा संभव असतो. मिस्त्रीचें म्हणणें त्याच्याच शब्दांत लिहावें. ‘इतका बांक कां?’ या प्रश्नाला तो बहुधा कारण सांगणार नाहीं; अमक्या खाडीच्या तोंडाशीं लाट अशी येते, एवढेंच म्हणेल. तेंच कारण होय, आणि तें जसेंच्या तसें लिहून घेण्याजोगें आहे.

नगरच्या शाळांच्या सहली कोंकणांत जातात. मुलें किल्ला पाहतात, वाळूंत खेळतात, शिंपले गोळा करून आणतात. त्यांच्यापैकीं दहा मुलांनीं मोजपट्टी, ओळंबा आणि चौकटीची वही घेऊन एका होडीपाशीं दोन तास घालविले, आणि मालकाच्या संमतीनें ती पुरी मोजून आणली, तर त्या वहींतलीं चार पानें शिंपल्यांहून अधिक काळ टिकतील. पुढें केव्हां तरी कोणाला तशी होडी बांधावीशी वाटली, तर तिची रुंदी त्याला भिंतीवरच्या चित्रावरून अनुमानावी लागणार नाहीं.